तंजावरला पाच दिवस, सोबत इतिहासवेडे सासरे. काय सांभाळावं?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, नवरा आणि सासरे) तंजावरला निघालोय. तिकिटं झाली, राहायचं झालं. पाहण्यासारखी दहा ठिकाणं वगैरे माहिती नेटवर ढिगाने आहे, ती नकोय. माझी अडचण वेगळी आहे.

सासरे ७१ वर्षांचे, निवृत्त मास्तर, इतिहास म्हणजे जीव की प्राण. "तंजावर म्हणजे आपलंच" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी किमान चाळीस वेळा ऐकलंय. शिवाजीमहाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तिथे गेले, आणि पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षं, म्हणजे १८५५ पर्यंत, ती गादी टिकली, हे आमच्या दूधवाल्यालाही आता पाठ आहे. बाबांनी बॅगेत एक छोटा भगवा ध्वजही भरलाय. बृहदीश्वराच्या देवळात मराठी शिलालेख आहे ना, त्याच्यासमोर तो धरून फोटो काढायचा बेत आहे.

माणूस लाखमोलाचा आहे, पण दोन वर्षांपूर्वी दक्षिणेतच एका रिक्षावाल्याशी हिंदीत वाद घालून आम्हाला भर पावसात रस्त्यावर उतरवलं होतं. म्हणून विचारते. तिथल्या लोकांना खटकणार नाही असं वागायचं तर काय सांभाळावं? आणि त्या ध्वजाचं काय करू?

हाफ_टिकीट

ध्वजाचा प्रश्न टाकलात म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भटक्या_७७

दोनदा जाऊन आलोय, तेव्हा सुचेल तसं लिहितो.

पहिलं भाषेचं. हिंदीत सुरुवात करू नका. कळत असलं तरी कपाळावर आठी येते, आणि ती का येते याचा इतिहास बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मोडकं इंग्रजी चालतं, हातवारे त्याहून चांगले चालतात. चार तमिळ शब्द पाठ करा. 'वणक्कम' तर माहीतच असेल, 'नन्ड्री' म्हणजे आभार, 'कोंजम' म्हणजे थोडं. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: 'पोदुम'. पुरे! हा नसेल तर खानावळीत वाढपी भात थांबवणारच नाही. अण्णा आणि अक्का तर आपल्याकडचेच आहेत, बिनधास्त वापरा.

केळीच्या पानावर जेवण आलं की आधी पाण्याचा शिपका मारायचा. सांबारभात, मग रसमभात, मग ताकभात, या क्रमाने मंडळी जेवतात. पहिल्या भातालाच ताक मागितलंत तर वाढपी तुमची कीव करतो. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. पलीकडे दुमडण्याची रीत सुतकातल्या जेवणाची. हे मला शेजारच्या आजोबांनी माझा हात धरून शिकवलं. मी पान तसंच उघडं टाकून उठत होतो.

आणि सांबाराची गोष्ट! संभाजीराजांवरून सांबार नाव पडलं म्हणतात. गोष्ट झकास, पुराव्याच्या नावाने शंख. आमच्या गटातल्या एकाने ती भर खानावळीत वाढप्याला इंग्रजीतून ऐकवली, वर "म्हणजे हे आमचंच" अशी पुस्ती जोडली. वाढपी शांतपणे म्हणाला, "ओके सार. मोर सांबार?" आम्ही सगळे पानात तोंड घालून बसलो.

मोडीवाला

अबोली, बाबांना एक बारकावा सांगा, त्यांना आवडेल. गादी १८५५ पर्यंत होती हे बरोबर, पण राज्य नव्हतं. १७९९ च्या तहात कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजे (दुसरे) यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि अवतीभवतीचा थोडा मुलूख. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथूनच. तलवार हातातून गेल्यावर त्याने काय केलं? पुस्तकं जमवली, देवनागरीचा छापखाना काढला, मोतीबिंदूच्या रुग्णांवर उपचार करवले. त्या रुग्णांची टिपणं आहेत आणि त्यासोबत एकेकाच्या डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत. डोळ्यात काय बिघाड आहे ते चित्रकाराने जवळून बघून काढलेलं.

सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाचा बाहेरचा छोटा संग्रहालयाचा भाग सगळ्यांना खुला असतो. आत फोटो नाही म्हणजे नाही. मोडीचे दफ्तर बघायचे असतील तर अभ्यासक म्हणून रीतसर आधी पत्र पाठवावं लागतं. ऐन वेळी जाऊन "आम्ही महाराष्ट्रातून आलोय, आमचेच कागद आहेत, दाखवा" असं म्हणणारे मी स्वतः पाहिलेत. तिथला कर्मचारी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला नीट समजली, कारण मीही त्यांच्याकडे तसाच बघत होतो.

आता शिलालेख. तो १८०३ सालचा, सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास. भिंतीवर लांबच लांब पसरलाय, एका दमात वाचून होत नाही. बोट फिरवत वाचू नका, घामाने आणि तेलकट हातांनी दगडाची वाट लागते. फोटो जरूर काढा. पण त्याआधी किंवा नंतर बाबांना मुख्य विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या, जोत्यापाशी घेऊन जा. तिथे राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत, मराठी लेखापेक्षा जवळजवळ आठशे वर्षं आधीचे. देवळाला कोणी कुठला दागिना दिला, त्यात मोती किती, दिव्याच्या तुपासाठी कोणाकडे किती जनावरं सोपवली, सगळा हिशेब आहे. चारशे नर्तकी ठिकठिकाणच्या देवळांतून आणून वसवल्या, त्यांची नावं आहेत, आणि कोणती कुठल्या ओळीत कितव्या घरात राहते तेही! एक हजार वर्षांपूर्वीची घर क्रमांकांची यादी. जाणकार वाटाड्या मिळाला तर त्याच्याकडून हेही ऐका.

खडूस_काका

वा! म्हणजे आता आपल्याच पूर्वजांच्या राजधानीत मान खाली घालून फिरायचं. हिंदी नको, सांबार नको, ध्वज नको. अभिमान बाळगायचीही चोरी झाली का? सरस्वती महाल आपल्या राजांनी उभा केला. बाकी कोणी असतं तर डांगोरा पिटला असता. अबोली, सासऱ्यांना खुशाल फोटो काढू द्या.

हाफ_टिकीट

आले! काकांची वाटच बघत होतो.

कावेरीची_लेक

मी बहुतेक वाचूनच जाते, आज लिहिते. चुका पोटात घाला. आमच्या घरात मराठी बोलतात, पण माझं शिक्षण सगळं तमिळ आणि इंग्रजीत. देवनागरीत मराठी लिहायला लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले.

माझं माहेर तंजावरचं. आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासूनचं. घरात बोलतो ते तंजावरी मराठी, त्यात तमिळ शब्द मुरलेले आणि तुमच्याकडून कधीच गेलेले कितीतरी जुने शब्द अजून शिल्लक. आजी नऊवारी नेसायची, पिठलं करायची, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आली की शेजारणीशी तमिळ. आम्ही कोण, हा प्रश्न तिला कधी पडल्याचं मला आठवत नाही. तो प्रश्न पाहुणे घेऊन यायचे.

कोणाच्या तरी ओळखीने महाराष्ट्रातून लोक यायचे. आम्हाला आनंदच व्हायचा. पण दहा मिनिटांत कोणीतरी हसायचं. "अगं, किती गोड बोलतात! परत बोला ना आजी, रेकॉर्ड करते." आजीसमोर मोबाईल धरायचा, तिने तेच वाक्य दोनदा म्हणायचं, आणि सगळ्यांनी हसायचं. एकांनी तर तिची क्रियापदं दुरुस्त केली. पुढे पुढे पाहुणे आले की आजी तमिळमध्येच बोलायला लागली. आई दुभाषी. पाहुणे म्हणायचे, "अरेरे, आजी मराठी विसरल्या वाटतं."

कुंभकोणम् भागात भजनी परंपरेत अभंग म्हणतात. भागवतरांच्या, म्हणजे भजन म्हणणाऱ्यांच्या, वहीत तुकोबा तमिळ लिपीत लिहिलेला असतो. त्या लिपीत ठ वेगळा नाही, म्हणून कधी कधी 'विट्टल' ऐकू येतं. माझ्या नवऱ्याच्या मामेभावाला त्याचं इतकं हसू आलं की तो उठून बाहेर गेला. आत म्हणणाऱ्याचा अभंग पूर्ण पाठ होता, आठही कडवी.

खडूस काका, सरस्वती महाल सरफोजीराजांनी वाढवला, फार वाढवला. पण मुळात तो मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा ग्रंथसंग्रह. बृहदीश्वर चोळांचं, १०१० साली पूर्ण झालेलं. समोरचा तो प्रचंड नंदी नायकांच्या काळातला. त्याच्या मंडपाच्या छताची चित्रं मराठ्यांच्या वेळची, आवारातलं गणपतीचं देऊळ सरफोजीराजांनी बांधलेलं. गावचे लोक त्याला फक्त 'पेरिय कोविल' म्हणतात, मोठं देऊळ. आत तिथे रोज पूजा चालते. अभिमानाला कोणाची ना नाही हो. पण कोणाच्या तरी चालत्या देवघरात उभं राहून "हा कोनाडा आमचा" असं म्हटलं की कसं वाटेल, एवढंच.

ध्वजाबद्दल मी सांगणार नाही. अबोली, ते तुमच्या बाबांनी तिथे उभं राहून ठरवावं.

प्राजक्त_सडा

कावेरीताई, लिहीत जा हो. आजींबद्दल वाचून कसंतरीच झालं. मीही असं रेकॉर्डिंग केलंय, दुसऱ्या गावात, दुसऱ्या आजींचं.

खडूस_काका

कावेरीची_लेक, कोनाड्याचं पटलं. बाकी ध्वजाबद्दल माझं मत कायम. आणि नायकांचं मला माहीत नव्हतं, मान्य.

हाफ_टिकीट

काका आणि मान्य? तारीख लिहून ठेवतो.

भटक्या_७७

राहिलेलं लिहितो.

राजवाड्याच्या काही भागात भोसले घराण्यातली मंडळी अजून राहतात, आणि तंजावर परिसरातल्या ८८ देवळांची विश्वस्ती वंशपरंपरेने त्यांच्याकडे आहे. म्हणजे ते राहतं घर आहे. बंद दार दिसलं की "महाराजांना भेटायचंय" म्हणून कडी वाजवणारी एक सहल मी पाहिलीय, बायका पोरांसकट. दार उघडलं नाही ते उत्तम झालं.

देवळात अर्धी चड्डी नको. बाबांना धोतराची सवय असेल तर उत्तम, नाहीतर तिथेच वेष्टी घ्या, सुती, काठाची. एक गंमत लक्षात येईल. रस्त्याने चालताना पुरुष वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून खोचतात, आणि देवळाच्या दारात किंवा कोणी वडीलधारं समोर आलं की चटकन सोडतात. दुमडलेली ठेवून आत गेलात तर कोणी बोलणार नाही, पण बघतील.

चपला बाहेर, आणि दुपारी दगड असा तापतो की देवभक्ती पायातून जाते. पहाटे जा किंवा चारनंतर. दुपारी गाभारा बंदच असतो. प्रदोषाचा दिवस सापडला तर संध्याकाळी नंदीचा अभिषेक बघा, पण कॅमेरा उंच धरून मधे उभं राहू नका. मागे बसलेल्या आज्या दोन तास जागा धरून असतात. आणि विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि सावलीत उभे राहून ऐका. पडते.

डिसेंबरअखेर म्हणजे मार्गळी महिना. पहाटे लाउडस्पीकरवर तिरुप्पावै (तमिळ भक्तिगीतं) सुरू होईल, झोपमोड होईल, हॉटेलवाल्याकडे तक्रार करू नका. तेव्हाच उठून गल्लीत फिरा. दारोदारी सडा घालून बायका कोलम काढत असतात. आधी ठिपके, मग चिमटीतून सुटणारी पिठाची रेघ एकही ठिपका न तोडता सगळ्यांना वळसा घालते. तांदळाचं पीठ असेल तर तासाभरात मुंग्या रांगेत. ओलांडून नाही, वळसा घालून जायचं. फोटो हवा असेल तर आधी मान हलवून विचारा. मी विचारलं तेव्हा बाईंनी हाताने थांबा म्हटलं, आत जाऊन केस नीट केले, आणि मग कोलमच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या. मला खरंतर फक्त कोलम हवं होतं. पण तो फोटो माझ्याकडे आहे, आणि तोच चांगला आहे.

स्वामिमलैला जाणार असाल तर पंचधातूच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या कार्यशाळा बघा. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचं लिंपण, मग भट्टीत मेण वितळून बाहेर आणि पोकळीत धातूचा रस. मापाला फूटपट्टी नसते. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि घड्या घालत जातात. घड्यांच्या खुणांवरून चेहरा, छाती, कंबर ठरते. साचा फोडला की आतली मूर्ती एकुलती एक. तिथे "हॉलमध्ये टीव्हीखाली शोभेल अशी, नऊ इंची" असं म्हणू नका, मी म्हटलं होतं. स्थपतींनी विचारलं, पूजेला की ठेवायला? पूजेची असेल तर डोळे शेवटी उघडतात, मुहूर्त बघून. त्यांना आधी कळायला हवं असतं. घासाघीसही तिथे नको. ती बाजारात डोलणाऱ्या बाहुल्यांना करा थोडीफार, चालते.

नवखा_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). मुंबईहून जायला सोयीचं काय?

भटक्या_७७

तिरुचिरापल्लीपर्यंत विमान, पुढे रस्त्याने तास दीड तास. किंवा चेन्नईहून रेल्वे.

अबोली_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आल्यावर सगळे सर्दीने आडवे होतो.

कावेरीताई, तुमचा प्रतिसाद मी जायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत. रात्री नवऱ्याकडून मोबाईल मागून घेतला आणि परत स्वतः वाचला, एवढं कळलं.

पहिल्याच सकाळी मोठ्या देवळात गेलो. सुमारे दोनशे फुटांचं ते विमान उन्हं आल्यावर मधासारखं दिसतं, फोटोत त्याचा रंग येत नाही. बाबा थेट शिलालेखापाशी. चष्मा लावून वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीतच अडखळले. जुनी भाषा, अंगावर येणारी लांबी. मागे एक तमिळ कुटुंब थांबलं होतं. त्यांच्यातल्या कॉलेजच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, "अंकल, हे तुम्हाला वाचता येतं?" बाबा म्हणाले, "थोडं थोडं." मग त्यांनी दिसेल तेवढं वाचून तिला अर्थ सांगितला. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा बरं आहे हे मला लग्नाच्या नऊ वर्षांनी कळलं.

मग मोडीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही विमानाच्या जोत्याकडे वळलो, ते कुटुंबही सोबत आलं. बाबांनी मुलीला विचारलं, आता हे तू वाच. ती वाकली, एक दोन अक्षरं ओळखली आणि हसायला लागली. हजार वर्षांपूर्वीची लिपी, तिलाही येईना. तिच्या वडिलांनाही नाही. मग चारशे नर्तकींच्या घर क्रमांकांची गोष्ट बाबांनीच त्यांना सांगितली (मोडीवाला, तुमचं नाव न घेता. क्षमस्व). त्यांना माहीत नव्हती. वडिलांनी ती लगेच फोनवर कोणालातरी सांगितली.

ध्वज बॅगेतच राहिला. मी विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. वेष्टी मात्र दोन घेतल्या. दुमडणं जमलं, सोडणं जमेना. देवळाच्या दारात एका फुलवाल्याने येऊन गाठ सोडवून दिली.

राजवाड्याच्या दालनात चोळ काळातल्या नटराजांसमोर एक बाई चप्पल काढून हात जोडून उभ्या होत्या. आम्ही काचेतल्या पाट्या वाचत होतो. बाबांनीही चपला काढल्या, मग आम्हीही.

सगळंच छान झालं असं नाही. गाडीचा चालक नवऱ्याने नकळत हिंदीत बोलल्यावर दिवसभर गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी अनवाणी देवळात गेले, तळपायाला फोड आले. खानावळीत 'पोदुम' म्हणायला मी उशीर केला आणि रसमभात दोनदा जेवले. आणि राजवाड्याबाहेर आपल्याकडचीच एक सहल मोठमोठ्याने घोषणा देत चालली होती. बाबा म्हणाले, "चल गं, पलीकडच्या बाजूने जाऊ."

परतीच्या आदल्या दिवशी तिरुवैयारूला गेलो. कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांची समाधी बघितली, कावेरीला पाणी बऱ्यापैकी होतं. तिथे अशोका हलवा खाल्ला. मूगडाळीचा, केशरी, तुपाने थबथबलेला. बाबांनी दोन वेळा मागितला, साखर वाढलेली असताना.

आता मुद्द्याचं. तो हलवा घरी करून बघितला तर सगळा कढईला चिकटला. डाळ आधी भाजायची की नुसती शिजवायची? आणि तूप नक्की किती?

कावेरीची_लेक

डाळ आधी मंद भाजायची, मग शिजवून अगदी गुळगुळीत घोटायची. गव्हाचं पीठ तुपात परतून घालायचं. तूप तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. बाबांना सांगू नका.

संपादक

पाककृतीसाठी कृपया पाककृती विभागात नवा धागा काढावा.

खडूस_काका

काढा लवकर. मीही येतोय.